आग न दाखवलेला पाला

पालामावशी झाडाचं नाव कधी सांगत नसे. विचारलं की हसायची. "नाव घेतलं की गुण जातुया, भाऊ. तुमास्नी गुण पायजे का नाव?"

खंडाळ्याच्या वरच्या अंगाला तिची वाडी. लढाईमुळे औषधं मिळेनाशी झाली, तेव्हा लोणावळ्यातल्या आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी गावठी पाले तपासायचं मनावर घेतलं. ते काम माझ्याकडे आलं. दर मंगळवारी ती पाटीत ओल्या फडक्याखाली चार-पाच पाले घेऊन डोंगर उतरायची. त्यातला एक जखमेचा. तो हाताने खुडलेला असे, विळा लावायची नाही. देताना बजावायची, "ह्याला आग दावायची न्हाई हां."

माझ्या काचेच्या बशांचं तिला भारी अप्रूप. बशीत चिनी गवत शिजवून गोठवलेला थर, त्यावर पुवातले जंतू वाढवलेले, मधल्या भोकात पाल्याचा रस. रसापुढे जंतू टिकले नाहीत तर भोकाभोवती स्वच्छ कडं उमटे. ती वाकून बघायची. "ह्ये तर विरजाण लावल्यावानी दिसतंय!" आणि जाताना ठरलेलं, "काच काय म्हणती?"

जखमेचा पाला मी उकळला. न उकळता रस शुद्ध करायचा तर मातीच्या गाळणीतून थेंब थेंब काढावा लागे, त्यात अख्खी दुपार जाई. मला कंटाळा आला होता, एवढंच. कडं उमटलं नाही. मी नोंदवहीत 'निष्प्रभ' लिहिलं आणि तिलाही सांगितलं. उकळल्याचं सांगितलं नाही. तिने वाकून बशी पुन्हा बघितली. "जलमभर लावला की म्या लोकास्नी," म्हणाली. मग स्वतःशीच, "काच कशाला खोटं बोलंल?"

महिन्याभराने तिच्या पाटीच्या तळाशी तो पाला पुन्हा निघाला, सवयीने खुडलेला. या वेळी मी रस गाळणीतून काढला. दुसऱ्या दिवशी बशीत रुपयाएवढं स्वच्छ कडं होतं. मी बशी धुऊन ठेवली. डॉक्टरांच्या सहीने अहवाल केव्हाच वर गेला होता.

पुढच्या मंगळवारी मावशी लंगडत आली. गवत कापताना पायाला विळा लागला होता. जखम चिघळली होती.

"पाला नाही लावलात?"

"काच न्हाई म्हणली न्हवं?" ती हसली. "आता आमी बी शाणी झालो."

डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी आयोडीन लावलं, पट्टी बांधली, 'बरं होईल' म्हणालो. पाल्याने ती वाचलीच असती असं नाही. या वाक्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं काढली.

दोन मंगळवार ती आली नाही. तिसऱ्याला तिची सून आली. पाटी खाली ठेवून म्हणाली, "आत्या गेल्या. पाय काळा पडला व्हता. म्हणाल्या, भाऊंचा मंगळवार चुकवू नगं."

मला काहीच वाटलं नाही. फडकं ओलं आहे, एवढं दिसलं. त्याखाली तो पाला होता.

"हा जखमेवर चालतो," मी म्हणालो. "चूक माझी होती. मी उकळला होता. लावत जा, फक्त आग दाखवू नका."

पाटीतला तेवढा एक पाला निवडून तिने पदरात बांधला.

"ते आमास्नी ठावं हाय," ती म्हणाली.