गंगारामच्या नावावर

बाबल्या धनावडे गिरणीत लागला तो शिक्षणावर नव्हे. चौथीनंतर त्यानं पाटी सोडली होती. गावच्या जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यात त्यानं उजव्या कोपऱ्यातून एकामागून एक पाच गडी आडवे केले, ते मुंबईतल्या एका गिरणीच्या जॉबरनं, मुकादमानं, पाहिलं आणि महिन्याभरात बाबल्या परळला गेला. कागदावर तो साचेखात्यातला, मागावरचा कामगार. खरं काम संध्याकाळचं, मैदानावरचं. सहा वर्षं गिरणीच्या संघाचा उजवा कोपरा त्याचा होता. त्याच्या हातात घोटा सापडलेला गडी मध्यरेषेला पोचला, असं क्वचितच कुणी पाहिलं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. शिमग्याला गावी आलेला बाबल्या मग परत गेलाच नाही. पालीच्या पुढं, सड्याच्या, कातळी माळाच्या, कडेला त्याची वाडी. भात लावून झालं, तण बेणून झालं, तरी गिरण्या सुरू झाल्याची बातमी येईना. वाडीत असे सात-आठजण होते. सकाळी देवळाच्या पायरीवर बसायचे, दुपारी घरी जायचे, आणि बायकांच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत.

श्रावणात एका सकाळी राजदूत मोटरसायकल घाटी चढून वर आली. तिच्यावर विचारे सर होते. रत्नागिरीच्या लोकहित कॉलेजचे क्रीडाशिक्षक. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, बोलणं मऊ. गेल्या बारा वर्षांत त्यांच्या संघानं सात ढाली आणल्या होत्या. शहरात त्यांना रस्त्यानं जाताना चार माणसं वाकून नमस्कार करत.

सर ओटीवर बसले. हौसानं, बाबल्याच्या बायकोनं, चहा दिला.

"तुझा खेळ मी दादरला पाहिलाय," सर म्हणाले. "असा माणूस देवळाच्या पायरीवर बसून कुजतो, हे मला बघवत नाही. आमच्या जिमखान्यात शिपायाची जागा निघणार आहे. ती तुझी. तोवर एवढंच करायचं, यंदा आमच्याकडून खेळायचं."

"मी कॉलेजातला न्हाय, सर."

"ते माझ्याकडे लागलं."

सर निघून गेल्यावर हौसा कपबशी उचलायला आली. म्हणाली, "चहा पिताना त्यांनी तुमच्या तोंडाकडं बगितलं न्हाय. हातांकडंच बगत व्हते. बैल बगायला आल्यासारके."

बाबल्याला ते लागलं. पण शिपायाची नोकरी, तीही घरापासून एस.टी.च्या अंतरावर, हे शब्द त्याच्या कानात राहिले होते. दुसऱ्या आठवड्यात तो रत्नागिरीला गेला.

सरांच्या खोलीत एक किरकोळ, चष्मा लावलेला मुलगा उभा होता. गंगाराम रेवाळे, वीस वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं जन्मात कबड्डी खेळली नव्हती. टेबलावर त्याचं ओळखपत्र पडलं होतं आणि त्यावरचा फोटो ओला करून काढून टाकलेला होता. तिथं बाबल्याचा फोटो चिकटवून सरांनी वर शिक्का मारला.

"गंगाराम, तुझी हजेरी कमी आहे," सर त्या मुलाला म्हणाले. "टर्म मिळणार नव्हती. आता मिळेल. सामन्यांच्या दिवसांत तू मुरुडला मामाकडे जाऊन राहायचं. इथं दिसायचं नाही."

मुलानं मान हलवली. जाताना तो बाबल्याला हळूच म्हणाला, "दादा, माझं नाव जपून वापरा हां." हसायचा प्रयत्न केला त्यानं, पण ओठ कोरडे पडले होते.

सराव सुरू झाला. पोरं चांगली होती. बाबल्याला ती पहिल्या दिवसापासून 'गंग्या' म्हणू लागली, कारण तशी ताकीद होती. मैदानावर पाणी मारणारा, चुन्याच्या रेषा ओढणारा म्हातारा शिपाई काशीराम मात्र त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. एकदा पाण्याचा हंडा खाली ठेवून तो म्हणाला, "तुज्याआदी एक व्हता. डॉकयार्डातला. खांदा निखळला त्याचा इथंच, ह्या कोपऱ्यात. सरांनी डॉक्टरला सांगितलान, ह्या माणसाला मी ओळखत न्हाय. मी डोळ्यांनी बगितलंय."

"मग तुमी काय केलंत?"

"मी रेषा पुसल्या," काशीराम म्हणाला आणि हंडा उचलून चालायला लागला.

बाबल्या त्या दिवशी घरी जाताना ठरवून होता की उद्यापासून यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला. न येण्याचं कारण हौसाला सांगावं लागलं असतं, आणि हौसाचं म्हणणं खरं ठरलं असतं.

दिवाळीनंतर सामने सुरू झाले. पहिल्या सामन्यात त्याच्या हातून सहा पकडी झाल्या. पोरी-पोरं ओरडत होती, "गंगाराम! गंगाराम!" सुरुवातीला त्याला वाटे, दुसऱ्याच कुणाला हाक मारतायत. तिसऱ्या सामन्यापर्यंत त्या नावानं त्याचं अंग ताठ होऊ लागलं. शहरातल्या साप्ताहिकात गंगाराम रेवाळेच्या पोलादी पकडीबद्दल चार ओळी छापून आल्या. खऱ्या गंगारामच्या बापाचं बाजारात लोकांनी अभिनंदन केलं म्हणतात. तो बिचारा गोंधळून हसत राहिला.

विरुद्ध संघाच्या एका सरांनी उपान्त्य सामन्याआधी लेखी तक्रार दिली: उजव्या कोपऱ्यातला खेळाडू विद्यार्थी वाटत नाही. जिल्हा संघटनेच्या चिटणीसांनी ओळखपत्र पाहिलं, शिक्का पाहिला, विचारे सरांकडे पाहिलं, आणि ते परत केलं. विचारे सरांवर संशय घेणं म्हणजे बारा वर्षांत आपण त्यांच्या गळ्यात घातलेल्या हारांवर संशय घेणं, हे चिटणीसांना परवडणारं नव्हतं. बाबल्या तिथंच उभा होता. तो सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात त्याच्या मनात आलं, ह्या लोकांनी आपल्याला आज पकडलं असतं तर बरं झालं असतं.

अंतिम सामना डिसेंबरात, घरच्या मैदानावर. समोर गुहागरकडचा संघ. त्यांचा चढाईचा गडी लवू, एकोणीस वर्षांचा, वेळणेश्वरजवळच्या वाडीतला. पाय असे की जमिनीला लागतात की नाही कळू नये. मध्यंतराला लोकहित कॉलेज चार गुणांनी मागं होतं.

सरांनी बाबल्याला बाजूला घेतलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तो सात नंबरचा. पुढच्या चढाईनंतर तो उठायला नको."

"म्हंजे?"

"तुला कळलंय. गिरणीत खेळलायस ना? जागेचा कागद माझ्या टेबलावर आहे."

लवू आला. कबड्डी कबड्डी घुमवत, हसत, उजव्या कोपऱ्याकडे. त्यानं पाय टाकला आणि बाबल्यानं घोटा धरला, मग कंबर. पोरगं सुटायला धडपडलं, दम तुटला, आवाज बंद झाला. पंचांची शिट्टी वाजली. गडी बाद झाला होता, आता सोडायचं. बाबल्यानं त्याला उचललं आणि डोक्यावरून खाली टाकलं.

लवू तोंडावर पडला होता आणि त्याचा एक हात कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा बाजूला होता. डोळे उघडे. "पाय कुठं गेले?" तो विचारत होता. "ओ, माझे पाय कुठं गेले?"

जीप आली, त्याला घेऊन गेली. त्या गडबडीत सर बाबल्याजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. "मागच्या दारानं जा. एस.टी. पकड. आणि ऐक, तू इथं कधी आलाच नव्हतास."

आठ दिवस बाबल्या घराबाहेर पडला नाही. मोटरचा आवाज आला की ताटावरून उठायचा. वाडीतल्या एकानं रत्नागिरीहून आणलेली बातमी हौसाच्या कानावर आली होती. लवूला मुंबईच्या इस्पितळात हलवलं होतं. मानेखाली काही हलत नव्हतं.

नवव्या दिवशी खरा गंगाराम आला. चष्म्याची एक काच तडकलेली. तो ओटीवर बसला नाही, अंगणातच उभा राहिला.

"दादा, पोलीस आमच्याकडं येऊन गेले. लवूच्या मामानं तक्रार केलीन. गंगाराम रेवाळेनं शिट्टीनंतर मुद्दाम आपटलं, म्हणून. मी म्हटलं, मी मुरुडला होतो. ते म्हणाले, पेपरात तुझं नाव आहे, पंचाच्या कागदावर तुझी सही आहे. सरांकडं गेलो. सर म्हणाले, तूच खेळलास, गंगाराम. असं म्हणताना माझ्या डोळ्यांत बघत होते. मला क्षणभर वाटलं, खरंच मीच होतो की काय."

त्याचा बाप सरांच्या पाया पडून आला होता. कॉलेजातल्या एकाही पोरानं तोंड उघडलं नव्हतं. विद्यापीठाची चौकशी समिती येणार होती, आणि सरांनी सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला दिलं होतं: गर्दीच्या आवाजात गंगारामला शिट्टी ऐकू आली नाही.

"म्हणजे मी सुटेन म्हणे," गंगाराम म्हणाला. "फक्त म्हणायचं, मीच होतो, आणि ऐकू आलं नाही. दादा, मी आयुष्यभर त्या पोराला मोडणारा माणूस म्हणून राहू? मी त्याला बघितलंही नाय."

तो गेल्यावर बाबल्या उंबऱ्यावर बसला. हौसा आतून म्हणाली, "तुमी मुंबैला जावा. गिरणी उघडंल. कुनाला कळनार हाय?"

"तुला कळलंय."

"मी बायको हाय तुमची. मी कुनाला सांगनार न्हाय."

"व्हय," बाबल्या म्हणाला. "पन तुला कळलंय."

चौकशी जानेवारीत झाली, कॉलेजच्या ग्रंथालयात. विद्यापीठाचे तिघे, प्राचार्य, विचारे सर, जिल्हा संघटनेचे चिटणीस. बाहेरच्या बाकावर संघातली पोरं इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. बाबल्याला पाहताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. फक्त काशीराम उठला आणि त्यानं दार उघडून धरलं.

"आपण कोण?" विद्यापीठाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"बाबाजी सोनू धनावडे. गंगाराम म्हणून खेळलो तो मी."

विचारे सर खुर्चीत शांत बसले होते. "ह्या गृहस्थांना मी ओळखत नाही," ते म्हणाले.

"कार्डावर माझा फोटो हाय. त्यांनीच चिकटवला."

प्राचार्य घाईनं म्हणाले, "ते कार्ड सामन्याच्या गडबडीत हरवलं आहे." मग आवाज खाली आणून, जवळजवळ प्रेमानं, त्यांनी बाबल्याला विचारलं, "धनावडे, समजा तुम्ही होतात. त्या आवाजात शिट्टी कुणालाही ऐकू आली नसती, नाही का? तुमच्या हिताचं विचारतोय."

दार अजून उघडं होतं. बाबल्याला बाहेरच्या बाकावरची पोरं दिसत होती. एवढं सोपं होतं ते. एक 'व्हय' म्हटलं असतं तर खोलीतल्या सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

"ऐकू आली व्हती," तो म्हणाला. "शिट्टी वाजली, मी ऐकली, आनि मग टाकला. सरांनी सांगितलं व्हतं, त्यो उठायला नको म्हनून. पन हात माजे व्हते."

कुणी काही लिहिलं नाही. मग दारातून काशीराम म्हणाला, "कार्ड हरवलं न्हाय. कचऱ्यात टाकलेलं, ते माज्याकडं हाय." आणि त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून ते काढून टेबलावर ठेवलं. अर्धं फाटलेलं, पण फोटो आणि शिक्का दोन्ही होते.

निकाल होळीच्या सुमारास लागला. बाहेरच्या माणसानं खोट्या नावानं संस्थेची फसवणूक केली, असं अहवालात लिहिलं होतं. बाबाजी धनावडे याला कुठल्याही नोंदणीकृत सामन्यात आयुष्यभर बंदी. फौजदारी खटल्यात त्याला सहा महिन्यांची साधी कैद झाली. लवूला नेल्यावर उरलेल्या सामन्यात जिंकलेली ढाल परत गेली. विचारे सरांवर देखरेखीतल्या हलगर्जीपणाचा ठपका आला. वर्षभर ते संघाबरोबर गेले नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ लागले. काशीरामला घरी बसवलं. गंगारामच्या नावावरचा आरोप निघाला, पण त्यानं ते कॉलेज सोडलं आणि भाट्ये पुलापलीकडं एका वखारीत कारकुनी धरली. आडनावानंच हाक मारा, असं तो लोकांना सांगत असे.

तुरुंगातून सुटल्यावर बाबल्या वेळणेश्वरला गेला. जयगडहून होडीनं खाडी ओलांडली, पुढचं अंतर चालला. लवूचं घर माडांच्या मागं होतं. ओटीवर त्याची आई, गोदूबाई, नारळ फोडत बसली होती. बाबल्यानं नाव सांगितलं. तिनं कोयता खाली ठेवला आणि त्याला आत जाऊ दिलं.

लवू खाटेवर होता. ते पाय आता चादरीखाली काठ्यांसारखे दिसत होते.

"तुम्ही कॉलेजातले नव्हतात, हे मला कंबर धरलीत तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "आमच्या सरांना तर सामन्याआधीच कळलं होतं. ते म्हणाले, ढाल जिंकल्यावर बघू." मग म्हणाला, "मामा सांगत होता, तुम्ही शिट्टीचं खरं सांगितलंत."

"व्हय."

"मला वाटत होतं, नसेल ऐकू आली. मी रोज तसं समजून झोपत होतो." त्यानं डोळे मिटले. "आता ते पण गेलं."

बाबल्या उभाच राहिला. त्याला बस म्हणायला कुणी नव्हतं.

गोदूबाई त्याला माडांच्या आगरातून वाटेपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "तुम्ही आलात, बरं केलंत. पण पुन्हा येऊ नका. आलात तर मला तुम्हाला चहा द्यावा लागेल. आणि तुमच्या हातात कप द्यायचं माझ्यानं होणार नाही."

बाबल्या पुढं जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत कामाला लागला, पुष्कळ वर्षं होता. वाडीतली पोरं अंगणात कबड्डी खेळू लागली की तो घरात निघून जायचा. लवू दोन पावसाळे जगला. ती बातमी बाबल्याला खाणीवर कळली, गुहागरकडून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून. ट्रक भरायचा राहिला होता. त्यानं तो भरून दिला.