दारातली चाल

या, असे जवळ सरका. आणि एक सांगते, रागावू नका. तुम्ही लोक मोबाईलवर गाणं अर्धं मिनिट ऐकता आणि बोटानं पुढं ढकलता, ही काही चांगली खोड नाही. आमच्या ह्यांचं वाजवणं असं ऐकलंत तर काहीच कळणार नाही.

हे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. तरुणपणापासून तोच बँड आणि शेजारी तेच ताशेवाले भाऊजी. नवरा-नवरी दारात आली की हे दोघं त्यांची स्वतःची एक चाल धरतात. आतून ओवाळायचं ताट येईपर्यंत ती थांबवायची नाही, असा त्यांचा नेम. बायकांना कधी कुंकू सापडत नाही, कधी भाकरतुकडा राहतो. मग चाल लांबत जाते आणि दर लग्नात निराळीच होते.

गेल्या उन्हाळ्यात मिरजगावच्या लग्नात मधे मधे ह्यांचा दम तुटायला लागला. नवरदेवाचा मामा हसून म्हणाला, “आजोबा, हवा संपली का?” घरी आले, क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं. “झालं आता,” म्हणाले. बसल्या जागी मांडीवर बोटं नाचवणारा माणूस, पण ती बोटंही गप्प झाली. मला ते बघवेना.

माझ्याकडे संगमनेरच्या एका लग्नाची जुनी कॅसेट होती, ह्यांच्या ऐन उमेदीतली. मिरजगावचं सुनेनं मोबाईलवर घेतलं होतं. दुपारी गहू निवडताना मी एकदा हे लावायची, एकदा ते. आधी मलाही वाटलं, संगमनेरचंच भारी. केवढा लांब श्वास! पण ऐकता ऐकता ध्यानात आलं, त्यात ताशा नुसता मागं मागं पळतोय, बिचाऱ्याला बोलायला जागाच नाही. आणि मिरजगावात हे श्वासाला थांबतात तिथं ताशा उत्तर देतो, हे पुन्हा विचारतात, तो पुन्हा उत्तर देतो. लोकांच्या शिट्ट्या पडल्यात त्या नेमक्या तिथंच. मामाचं हसू राहिलं बाजूला!

मी भाऊजींना चहाला बोलावलं आणि दोघांना समोर बसवून दोन्ही लावली.

“ऐकलंस? तवा दम हुता,” हे म्हणाले.

“दम हुता, पर मला कुटं बोलू देत हुतास?” भाऊजी उसळले. “लई वर्सांनी मधी गप ऱ्हायला शिकलास, तर निगाला घरी बसायला!”

ह्यांनी मिरजगावचं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. संध्याकाळी कपाटाजवळ स्टूल ओढल्याचा आवाज आला, तेव्हा मी स्वयंपाकघरातून मुद्दामच बाहेर गेले नाही.

पुढच्या तिथीला शेजारच्या घरी सून आली. ओवाळायचं ताट माझ्या हातात होतं. बाहेर चाल सुरू झाली. हे थांबायचे, ताशा बोलायचा, सगळी गल्ली नाचायची. ताट तयार होतं, पण मी ते धरून उंबऱ्याच्या आतच उभी राहिले.

शेजारीण म्हणाली, “अहो काकू, चला की! पोरं कधीची उभीयत.”

“उभी कुठली? नवरीसुद्धा नाचतीय बघ.”

शेवटी ह्यांनीच क्लॅरिनेट तोंडातून काढलं. ताशा चालूच. तेवढ्या गलक्यात ओरडले, “अगं, आण की ते ताट! तोंड दुखाया लागलं!”

अख्खी गल्ली हसली, आणि शिट्ट्या तर विचारू नका.

आमच्या सुनेनं हेही मोबाईलवर घेतलंय. संगमनेर आणि मिरजगाव, दोन्हींच्या वरताण झालंय. पण ते मी कुणाला पाठवत नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या तिथी सुरू होतात, तेव्हा पुन्हा सरळ इकडे नगरला घरी या, लवकर या. ताट अडवून धरायला मी आहेच.