लीलाधरभाऊंनी न सोडलेला घड

यावलच्या लीलाधरभाऊंनी उभा जन्म केळीचे घड खांद्यावरून वाहिले. त्यातला एकच दिवस सिनेमात गेला, आणि तोच त्यांना सव्वीस वर्षं छळत होता.

झालं असं, की लोकांना ढसाढसा रडवणारा एक नामांकित दिग्दर्शक, का कोण जाणे, बारा मिनिटांचा विनोदी सिनेमा काढायला त्यांच्या बागेत आला. भाऊंचं काम सोपं. सालीवरून घसरायचं आणि घड सोडून द्यायचा. भाऊ घसरले, झकास आपटले, पण घड छातीवर जसाच्या तसा. आता सांगा, मार लागलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही, हे ज्याच्या हाडात मुरलंय तो घड सोडणार कसा? ‘सोडा हो’, ‘सोडतो साहेब’ असं करत गडी अकरा वेळा चिखलात पडला. उजेड गेला, साहेबांनी सामान आवरलं. पुढे सिनेमा कुठं लागलाच नाही. तो आपल्यापायी बुडाला, हे भाऊंनी मनाशी पक्कं धरलं. विषय निघाला की ते उठून जायचे.

यंदा पुतण्याचा, ललितचा फोन आला. तो धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात शिकवतो. साहेब चार वर्षांपूर्वी वारले, आता घरच्यांना तो सिनेमा सापडला होता आणि कॉलेजात दाखवणार होते.

“शोभा करून घ्यायला मी नाही येत,” भाऊ म्हणाले. पण लताबाई ऐकतात थोड्याच! नवऱ्याला एसटीत घालून त्यांनी धुळ्याला आणलंच.

पडद्यावर भाऊ पडले, घड वाचला. पुन्हा पडले, पुन्हा वाचला. अकराच्या अकरा वेळा. साहेबांनी एकही चूक कापली नव्हती, उलट त्या चुकांचाच सिनेमा केला होता. पोरं हसून हसून वाकली. लताबाईंनी तोंडात पदर कोंबला.

“काका, हा त्यांनी स्वतःच दाबून ठेवला होता,” ललित म्हणाला. “रडवणारा म्हणून नाव झालेलं, हसवायची भीती वाटली असेल.”

म्हणजे भाऊंनी काही बिघडवलं नव्हतं. इतका हलका जीव त्यांना कित्येक वर्षांत वाटला नव्हता. तरी बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि डोळे पुसायला लागले.

“आता काय झालं?” लताबाईंनी विचारलं.

“त्या दिवशी जाताना साहेब मले हाका मारत व्हते वं. दोनदा मारल्या. मी लाजेखातर बागेत दडून बसलो व्हतो.”