मीठ तेवढं तू बघ

शरद गेल्याची बातमी मला भाईंदरजवळच्या आमच्या राई गावात, दामूच्या अंगणात कळली. दामू माझा चुलतभाऊ. त्याचा टेम्पो आहे आणि दरवर्षी नाताळच्या सुट्टीत सहलीसाठी तो आम्हाला लागतो, म्हणून दिवस अडवून ठेवायला मी गेलो होतो. दामू म्हणत होता, ताडपत्री या खेपेला नवीन घ्यायला पाहिजे. मी म्हणत होतो, ते शरदला विचार, सामानाचं खातं त्याचं. तेवढ्यात दामूची बायको नाक्यावरून आली. तिथल्या दुकानात माझ्या घरून फोन आला होता. शरद सकाळी ऑफिसला निघताना जिन्यातच खाली बसला, तो उठला नाही... दामूने हातातली ताडपत्री घडी न घालताच ठेवून दिली. त्याला शरदचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. तो त्याला 'खिचडीवाले सायेब' म्हणायचा.

त्याला आता काही आठवडे झाले. टेम्पोचं काय करायचं हे कुणीच कुणाला विचारेना. आमची चार घरं, चारही घरांनी मनातल्या मनात सहल रद्द केलेली. फक्त शरदच्या बायकोने, नीलावहिनींनी, निरोप धाडला की दामूभाऊंना एवढ्यात नाही म्हणू नका. आणि माझ्या डोक्यात या दिवसांत एकच प्रश्न घोळत होता. इतका साधा, की दुःखाच्या घरात विचारायची लाज वाटावी. दहा-एक वर्षं या माणसाने आम्हाला उघड्यावर रांधून घातलं. पण शिजत असताना स्वतःचा पदार्थ त्याने एकदाही चाखला नाही. का?

आमची ओळख ऑफिसातली. तो गिरगावातून भाईंदरला नवीन राहायला आलेला, मी इथलाच, राईचा. एकदा रद्दीच्या दुकानात त्याला एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात चाकांवरच्या घराचं चित्र होतं. गोरं कुटुंब, दाराबाहेर घडीच्या खुर्च्या, छोट्या शेगडीवर काहीतरी शिजतंय. ते चित्र घेऊन तो सरळ माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "तुझ्या भावाचा टेम्पो आहे, माझ्याकडे वातीचा स्टोव्ह आहे. गोरे तेवढे नाहीत, ते नसले तरी चालतील." मला वाटलं, मस्करी करतोय. पण पुढच्या सुट्टीत आम्ही दामूच्या टेम्पोत, ज्यातून तो एरवी भाजी न्यायचा, सतरंज्या टाकून केळव्याच्या वाटेला लागलो होतो.

त्याच्या स्वयंपाकाची गंमत अशी की तो घरूनच सुरू व्हायचा. एक स्टोव्ह, एक मोठा टोप, एक तवा, याच्यावर काही घ्यायचं नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून त्यात पिठल्याचं बेसन तिखट-हळद घालून तयार. टोमॅटो फुटतो, म्हणून चिंचेचा गोळा. तांदूळ आणि मसूर निघतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भिजत घालायचा. टेम्पो हिंदकळत पोचेपर्यंत ते भिजून तयार, रॉकेल कमी लागतं. खिचडीला एक उकळी आली की टोप उतरवून गोधडीत गुंडाळायचा आणि स्टोव्हवर बटाट्याचा रस्सा चढवायचा. गोधडीतली खिचडी आपली आपण शिजत राहायची. माझी बायको सुमन पहिल्या वेळी म्हणाली, "पोराला निजवावं तसं निजवलंय भाऊजींनी." मग अधूनमधून तो त्या गोधडीला कान लावायचा. आत काय ऐकू यायचं कोण जाणे. मी नंतर दोनदा लावून बघितला, मला काही ऐकू आलं नाही.

आणि शेवटी, टोप उघडल्यावर, पळीत जरासं घेऊन तो माझ्यासमोर धरायचा. "मीठ तेवढं तू बघ."

पहिल्या सहलीत मी ते सहज केलं. आमच्या घरात मीठ पिकवायचे. माझे वडील, बा, खाडीकाठच्या मिठागरात राबले. मुठीतला खडा जिभेवर ठेवून कुठल्या कोंडीतला, मिठाच्या कुठल्या वाफ्यातला, ते सांगायचे. मला तेवढं येत नाही, पण कमी-जास्त कळतं. मग एक वर्षी आम्ही लांब न जाता उत्तनच्या पुढे तारोडीला मुक्काम टाकला. मला ऑफिस सुटल्यावर मागून यायचं होतं. मी पोचलो तर सगळे जेवायला बसलेले. मुलं घास गालात धरून आयांकडे बघतायत. बायका मान खाली घालून भातात बोटं फिरवतायत. शरद एकटा शांतपणे जेवतोय, दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं.

मी एक घास घेतला. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, अंगचंच खारट. आमच्याकडे त्या पाण्यात भात टाकला तर वरून मीठ घालत नाहीत, हे सांगावं लागत नाही. शरदने तेच पाणी घेतलं आणि वर आपलं नेहमीचं मूठभर मीठ टाकलं. दामू एका बाजूला बसून पाव खात होता. "मी बोल्लो व्हतो, पानी मचूल हाय," तो मला हळूच म्हणाला, "पन सायेब ऐकाला न्हाय."

मला काही मनात ठेवता येत नाही. मी म्हटलं, "शरद, ही खिचडी आहे की मिठागर?"

त्याचा हात थांबला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. रागाने नाही, लाजेनेही नाही... गोधडीला कान लावून ऐकायचा ना, तसं बघितलं. "खूप?" त्याने विचारलं.

"खूप."

मग तो हसला, म्हणाला, तुझी वाट बघायला हवी होती. कॅनमधल्या घरच्या पाण्यात त्याने बिनमिठाचा भात शिजवला, बटाटे उकडून कुस्करले, सगळं एकत्र केलं. एवढं झालं की शेजारच्या घरीही एक पातेलं गेलं. वाढताना तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. आम्ही मात्र नंतर आपापसांत बोललो की शरद भारीच हट्टी, चुकलं तर कबूल करायचं सोडून दोनदा वाढून घेतो.

तिथून नियमच झाला. मी 'हं' म्हटल्याशिवाय पान वाढायचं नाही. कुणी नवीन पाहुणे सोबत असले की तो माझी ओळख करून द्यायचा, "हे आमचे मिठागरवाले." सरळ सांगतो, मला ते आवडायचं नाही. बाने मिठात पाय फोडून घेतले ते मी त्यातून सुटावं म्हणून. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मी. माझा पदवीचा फोटो गावातल्या घरात देवांच्या शेजारी लावलाय. आणि हा माणूस चारचौघांत मला परत मिठात उभा करायचा. एकदा वज्रेश्वरीकडे नदीकाठी मुक्काम होता, तेव्हा मी त्याला बोललो की बाबा रे, मीठ कुणालाही कळतं, दर वेळी मीच कशाला. तो टोपावरची काजळी पुसत होता. म्हणाला, "मिठागराचा म्हणून नाही बोलवत तुला."

"मग?"

"खिचडी गार होतेय."

एवढंच. शरद असाच होता, अर्धं सांगून टोपाकडे वळायचा. आणखीही गोष्टी आता आठवतात. सुकट भाजायला घेतली की सगळे खोकत वारा येतो त्या बाजूला पळायचे, हा तव्यावर वाकलेला. फोडणी करपली म्हणून कुणी ओरडलं तर म्हणायचा, मुद्दाम करपवलीय, त्याने मजा येते. आणि खरंच मजा यायची, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही.

मागच्या रविवारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, या. येताना काही खाऊन येऊ नका." मी गेलो. स्वयंपाकघरात ओट्यावर तोच टोप, बुडाला काळा, एका कानाला तार बांधलेला. शेजारी गोधडीची घडी. म्हणजे खिचडी होऊन गेलेली होती. वहिनी म्हणाल्या, सहलीला जायचंच असं मी ठरवलंय, पण मला त्यांच्यासारखं रांधायला जमलं तर. नाही जमलं तर दामूभाऊंना नाही म्हणून सांगा. उगीच डबे घेऊन जाण्यात अर्थ नाही.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी तो प्रश्न विचारला.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हालाही ठाऊक नाही? मला वाटायचं, तुम्हाला तरी सांगितलं असेल."

गिरगावात असताना शरद स्कूटरवरून पडला होता. डोक्याला मार. बाकी सगळं भरून आलं, पण वास गेला आणि चव गेली. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. नाही आली. खारट नाही, गोड नाही, काही नाही. इथे राहायला आले ते त्यानंतर.

मी म्हटलं, पण वहिनी, इतका हौशी स्वयंपाक करणारा माणूस...

"कुठला हौशी?" त्या हसल्या. "चव होती तोवर स्वयंपाकघरात पाऊल नाही टाकलं. पाटावर बसून नावं ठेवायचे, आमटी पातळ, भाजी आळणी. चव गेली तेव्हा ओट्यापाशी आले. मी विचारलं, आता कशाला शिकताय? तर म्हणाले, आता मला जेवण दुसऱ्यांच्या तोंडावरच दिसतं. निदान बघायला तरी मिळू दे."

मला तारोडीचं ते बघणं आठवलं. मी विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलं? आम्ही काय हसलो असतो?

"हसला नसता हो. सगळे 'छान झालंय, छान झालंय' म्हणाला असता. मग त्यांना खरं कळलं असतं का कधी?" त्यांनी पळी उचलली. "माझ्या तोंडावरही त्यांचा भरवसा नव्हता. बायको सांभाळून घेते म्हणायचे. तुमच्याबद्दल म्हणायचे, त्याच्या तोंडावर काही लपत नाही. बोलायच्या आधी दिसतं."

आणि मी इतकी वर्षं मिठागराचा राग धरून बसलो होतो.

पण कोडं सुटलं असं मला अजूनही वाटत नाही. चव नसलेल्या माणसाला चिंच किती घालायची ते कसं कळायचं? करपलेल्या फोडणीची मजा त्याने कुणाच्या चेहऱ्यावर वाचली असेल? तो गोधडीला कान लावून ऐकायचा ते काय? विचारायला माणूस नाही. टोप आहे.

वहिनींनी झाकण काढलं. वाफ वर आली, मसूर-कांद्याचा तोच वास. पळीत जरासं घेऊन त्यांनी माझ्यासमोर धरलं, खाली हाताचा द्रोण करून, अगदी त्याच्यासारखं. मी घास घेतला. डोळे भरून आलेले. 'छान झालीय' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, आणि त्या वेळी ते कुणाला खोटे वाटले नसते.

मी तोंड उघडायच्या आतच वहिनी वळल्या आणि त्यांनी खडेमिठाची बरणी खाली काढली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चिमूटभर," मी म्हटलं. "आणि दामूला सांगतो, ताडपत्री नवीन घे."