उकंडी

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही पूर्ण बसलेला नाही. मी मानवतला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. पण हे माझ्याच मुलीबाबत, माझ्यासमोर घडलंय... म्हणून लिहितेय.

अन्विका तेव्हा अडीच वर्षांची होती. नावानं हाक मारली तर वळून बघायचीच नाही. परभणीला डॉक्टरांना दाखवलं, कान तपासले — सगळं नॉर्मल. तरी जीवाला घोर होताच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत राणीसावरगावला सासरी गेलो होतो. भर दुपारी मी आणि सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. अन्विका अंगणात, पाठमोरी. मेंढ्या घेऊन चाललेली एक अनोळखी बाई फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "उकंडे, ये गं."

अन्विका उठली आणि पळत जाऊन तिला बिलगली.

सासूबाईंच्या हातातलं सूप पडलं. "हे नाव तुला कुनी सांगितलं?"

"कोन्तं नाव? मी तर पानी मागितलं," ती गोंधळून म्हणाली. पाणी प्यायली आणि मेंढ्यांमागं निघून गेली. मी मात्र तो शब्द स्पष्ट ऐकला होता.

संध्याकाळी सासूबाई बोलल्या. "मपली पहिली दोन लेकरं ऱ्हायली न्हाईत. तिसरी पोरगी झाली तवा तिला आदी उकंड्यावर ठेवली, शेणकचऱ्यात... मंग उचलून घरात आनली. टाकून दिलेल्या लेकराला मरन हात लावत न्हाई, असं आमी मानायचो. म्हणून नाव उकंडी. तरी गेली. हिच्याएवढीच होती."

"आणि ह्यांना माहीत आहे?"

"न्हाई. त्यो मागून झाला. ते नाव मी परत घेतलंच न्हाई."

महिन्याभरानं मानवतला आमच्या दारातून अन्विका रस्त्याकडं धावली. समोरून ट्रॅक्टर येत होता. मी "अन्विका, अन्विका" ओरडले... ती थांबेना. मग तोंडातून निघून गेलं — "उकंडे!"

ती जागच्या जागी थांबली. ट्रॅक्टर हातभर अंतरावरून गेला.

सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "थांबली?"

"थांबली."

पलीकडून बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज येत राहिला.

आता अन्विका चार वर्षांची आहे, तिच्या नावाला नीट ओ देते. ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. काय म्हणून सांगू, तेच मला कळत नाही...