ती चुनाभट्टी नव्हती

ही हकिगत मी आजवर टाळत आलो. तळ्याकाठच्या भट्टीबद्दल मी पुष्कळांना सांगितलं आहे. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगितलं, एकदा पंचवटीतल्या वाचनालयात पाऊण तास बोललोही. उस्मानचाचांबद्दलही सांगितलं. फक्त त्या दोघांच्या मध्ये मी कुठे उभा होतो, तेवढं वगळत आलो. आता माझी सत्तरी उलटली आहे आणि चाचा राहिले नाहीत. म्हणून जे झालं ते तसंच लिहितो.

लोहारकाम करणाऱ्या चाचांची एक सवय होती. कोणी काही बोलू लागलं, की आधी ती वस्तू त्या माणसाच्या हातात द्यायची. कोयत्याला वजन नाही म्हणून कोणी भांडायला आलं, तर कोयता त्याच्याच हातात. "धर. आता बोल." बाजारात वांगीसुद्धा ते तसेच घ्यायचे. "डोळा फसतो, कान तर लयच फसतो. हात नाय फसत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर चाची आतून ओरडायच्या, "आन् मला न बघताच निकाह कबूल केला, तेव्हा?"

"म्हणून तर लोकांना सांगतो!" चाचा म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं चाचीच हसायच्या.

पेठच्या वाटेवर डोंगरात एक जुनं तळं होतं. त्याची पाळ उंच करून मोठा तलाव करायचा होता. मी खात्यात नवा ओव्हरसियर. पाण्याखाली जाणारी प्रत्येक गोष्ट यादीत लिहायची होती: विहिरी, आंबे, गोठे, शेंदूर लावलेले दगड. टेप घेऊन मी काठावर उभा होतो. इतक्यात लुंगी खोचलेला एक चाळिशीचा माणूस तरातरा आला. सलाम नाही, रामराम नाही. त्यानं माझ्या तळहातावर एक काळा गोळा ठेवला.

"उचला, भाऊसाहेब."

"उचललाच आहे की. दगड आहे."

"दगड? मग तेवढाच दुसरा दगड त्या हातात घ्या."

मी घेतला. काळा गोळा चांगलाच जड भरला. फुटलेल्या बाजूनं तो काचेसारखा चमकत होता.

"हा लोखंडाचा मळ. खाणीची माती वितळवून लोखंड काढलं, की हा मागं राहतो. या, भट्टी दाखवतो."

करवंदीच्या जाळीत ती होती. दगडमातीची गोल भिंत, माझ्या छातीइतकी उंच, आतून भाजून काळीनिळी झालेली. तळाशी भात्याच्या नळ्या घालायची दोन भोकं. चाचांच्या पणजोबांनी ती शेवटची पेटवली. पुढे रेल्वेनं विलायती लोखंड आलं, स्वस्त, आणि ही विझली. चाचा स्वतः मनमाडच्या भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे आणून विळे-कोयते घडवत. "मी लोखंडाला वळण देतो, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पणजा लोखंड पैदा करायचा. लय फरक हाय."

त्या महिन्यात मी रोज दुपारी त्यांच्या घरी जेवलो. नागलीची भाकरी, लसणाची चटणी, कधी तळ्यातली मासळी. मी मासळी खात नाही म्हटल्यावर चाची माझ्यासाठी वेगळी पातेली काढून भाजी करू लागल्या. चाचांनी मला एकच गोष्ट मागितली.

"पाणी यायचंय तर येऊ द्या. लोकांच्या शेताला पाहिजेच. पण तुमच्या यादीत लिहा, लोखंड गाळायची भट्टी. गावात काही जण म्हणतात, हे लोहार कुठून तरी आलेले, कालपरवाचे. आता ही बुडाल्यावर मी काय दाखवू? कागद तरी दाखवीन."

मी शब्द दिला.

कचेरीत यादी पक्की करायला बसलो तेव्हा वरिष्ठ शेजारून जाताना सहज म्हणाले, "जुनं काही सापडलं नाही ना? नाहीतर पुरातत्त्ववाल्यांना कळवा, त्यांची वाट बघा, वर्ष जाईल." त्यांनी मला काही लिहायला सांगितलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो. पुढे कित्येक वर्षं मी मनाशी सगळा दोष त्यांच्यावरच टाकत होतो. खरं कारण माझं होतं. काम संपलं की माझी नाशिकला बदली होणार होती. बायकोला सातवा महिना होता आणि ती पंचवटीत एकटी होती. मला वर्ष नको होतं. मी लिहिलं, 'पडकी चुनाभट्टी, विनावापर.' खाली सही केली.

जाण्याआधी चाचांना भेटलो. "लिहिलं ना?" त्यांनी विचारलं. "लिहिलं," मी म्हणालो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

त्यानंतर मी तिकडे फिरकलोच नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी जुन्या सहकाऱ्यांची सहल निघाली आणि नेमकी त्याच तलावावर गेली. एप्रिल महिना होता. पाणी खूप आत गेलं होतं आणि चिखल वाळलेल्या काठावर भट्टी उघडी पडली होती, आता गुडघ्याइतकीच. वर, पाणी पोचत नाही तिथे, निळा फलक होता: 'ऐतिहासिक चुनाभट्टी. खात्याच्या पाहणी अहवालानुसार.' माझे शब्द, ठळक रंगात.

एक गुरुजी शाळेच्या मुलांना फलक वाचून दाखवत होते. मध्येच काठी टेकत एक म्हातारा पुढे झाला आणि त्यानं एका मुलीच्या हातात काळा गोळा ठेवला. "उचल, बेटी. चुन्याच्या भट्टीत असला मळ निघतो का? विचार तुझ्या गुरुजींना."

"चाचा, दर वर्षी तेच!" गुरुजी हसले. "सरकारी कागद खोटा आणि तुम्ही एकटे खरे? टाक गं ते, हात धू." पोरं फिदीफिदी हसली. मागून एकजण ओरडला, "चुनावाले चाचा!" ते नाव जुनंच असावं, कारण कोणी दचकलं नाही.

चाचांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसलो. इतक्या वर्षांनी, टक्कल पडलेल्या, चष्मा लावलेल्या मला त्यांनी एका क्षणात ओळखलं.

"भाऊसाहेब! अल्ला, बघा, माणूसच आला!" त्यांचा आवाज चिरकला. "गुरुजी, यांनी मोजली होती भट्टी. यांना विचारा. सांगा भाऊसाहेब, काय होतं हे?"

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. गुरुजी, मुलं, आणि माझे सहकारी, ज्यांनी तो अहवाल माझ्या टेबलावर पाहिला होता. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "फार वर्षं झाली. मला आता नीट आठवत नाही."

चाचांनी मुलीच्या हातातला गोळा परत घेतला, लुंगीला पुसला. "होतं असं. वय होतं," ते गुरुजींना म्हणाले. जणू मलाच सांभाळून घेत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऊन लय हाय. घरी चला, पाणी प्या." चालता चालता हळूच म्हणाले, "ज्यानं लिहिलं त्याच्यावर माझा राग नाय. त्यानं हातात घेऊन बघितलं नसंल. घेतलं असतं तर असं लिहिलंच नसतं."

मी पाणी प्यायलो. बसचा हॉर्न वाजला, तसा उठलो.

त्यानंतर तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. पाच वर्षं गेली. गेल्या भाद्रपदात शेवटी एकटाच निघालो. बसमध्ये सगळा वेळ ओठ हलवत वाक्य पाठ करत होतो. शेजारच्या बाईंना वाटलं, मी जप करतोय. त्या आपली पिशवी आवरून आदबीनं सरकून बसल्या.

घरी चाचांची सून होती. चाचा रमजानमध्येच गेले होते. चाची त्यांच्याही आधी. सुनेनं खाट टाकली, चहा केला. "अब्बा तुमचं नाव काढायचे," ती म्हणाली. "कोणी चुनावाले म्हणून चिडवलं की म्हणायचे, आमच्या भाऊसाहेबांना आठवलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं. भला माणूस हाय तो."

तिला मी काही सांगू शकलो नाही. फलक बदलावा म्हणून आता माझ्या सहीचा जबाब ग्रामपंचायतीत दिला आहे. तो कोण वाचेल, ठाऊक नाही. चाचांसाठी पाठ केलेलं मात्र माझ्याजवळच राहिलं. ते असं होतं:

चाचा, तो कागद मी लिहिला. मला कोणीही लिहायला लावलं नव्हतं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत, तेव्हा मला सगळं आठवत होतं. मला माफ करा.