साडूंच्या वहीतला 'होय'

आमचे साडू विधानसभेत नाहीत हे विधानसभेचं दुर्दैव, आणि ते धायरीत आमच्या घरापासून चार इमारती सोडून राहतात हे माझं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. दोन बहिणी रोज तासभर फोनवर बोलतात आणि दोन साडूंची तुलना आपोआप होत राहते, त्यात कुणाचा दोष नसतो. बाकीचे साडू एकमेकांचा फ्लॅट, गाडी, फार तर जावई बघून जळतात. मी ज्या गोष्टीवरून जळतो ती सांगायची सोय नाही. आमचे साडू आमच्या आमदारांची हजेरी घेतात. विधानसभेतली, आणि तीही घरात बसून. आमदार पहिल्यांदा निवडून आले तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. या हजेरीमुळे धायरीत त्यांना जो मान आहे तो, पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवूनही, मला नाही. सकाळी फिरायला निघालो की लोक मला थांबवतात आणि विचारतात, "सर, तुमचे साडू कसे आहेत?"

अधिवेशन सुरू झालं की त्यांच्या घरात आचारसंहिता लागते. संगणकावर थेट प्रक्षेपण, पुढ्यात जाड पुठ्ठ्याची वही, हातात लाल-निळी पेन्सिल. सभागृहात अध्यक्ष आले की साडू दिवाणखान्यात उभे राहतात आणि अध्यक्ष बसल्यावरच बसतात. प्रश्नोत्तरांच्या तासात ताईंना मिक्सर लावायची परवानगी नाही. तहकुबी झाली तरच चटणी वाटायची. वहीत रकाने आहेत: हजर की गैरहजर, प्रश्न किती विचारले, भाषण किती मिनिटं केलं, सभात्याग केला असेल तर बाहेर जाताना पावलं जड होती की हलकी. जांभयांचाही एक रकाना आहे. आमदारांना हे कुठूनसं कळलं आणि ते तोंडापुढे कागद धरायला लागले, तेव्हापासून त्या रकान्यात 'कागदाआड, संशयित' अशा नोंदी यायला लागल्या. आमदार बसतात मागच्या बाकावर, त्यामुळे पडद्यावर त्यांचा चेहरा क्वचित येतो. साडू त्यांना डोक्याच्या मागच्या बाजूनं ओळखतात. एकदा मी विचारलं, "एवढं करता, मग मत तरी यांनाच दिलंत ना?" तर माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, ज्याला मत दिलं त्याची तपासणी करता येत नाही. माया आड येते."

पण साडूंची खरी कीर्ती आहे ती 'होय'मुळे. विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं संमत होतात. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, की सगळा गलका एकदम 'होय' म्हणतो आणि संपलं. कोण काय म्हणालं, म्हणालं की नाही, याची नोंद कुठेही राहत नाही. राहते ती फक्त धायरीत, आमच्या साडूंच्या वहीत. त्या गलक्यातून आपल्या आमदारांचा 'होय' आपल्याला वेगळा ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं आहे. "साहेबांचा 'होय' किंचित उशिरा येतो आणि शेवटाला जरा बसका असतो," ते सांगतात. आणि याच्यावर हसायची कुणाची छाती नाही, कारण साडूंचा कान. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासनीस होते. लोखंडी कवचावर हातोडीनं टकटक करायची आणि नुसत्या नादावरून आत तडा आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. माझे व्याही पहिल्यांदा घरी आले होते तेव्हा साडूंनी हातातला माझा नवा कप नखानं वाजवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "याला तडा आहे." मला राग आला. तिसऱ्या दिवशी कपाचा कान माझ्या हातात आणि चहा माझ्या धोतरावर होता. बायकोनं तो कप टाकलेला नाही. आल्यागेल्याला दाखवायला तो शोकेसमध्ये ठेवलाय.

आता माझी बाजू सांगतो. आमच्या ओढ्यावरच्या पुलाला कठडा नव्हता. त्यासाठी मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, एक-दोन नव्हे, वर्षानुवर्षं लिहिली. भाषा अशी की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. त्यातलं एक छापून आलं, तेही अर्धं कापून. साडूंनी आमदारांना एक पोस्टकार्ड टाकलं: 'या अधिवेशनात आपण अद्याप एकही प्रश्न विचारलेला नाही. विषय सुचत नसल्यास सोबत एक पाठवीत आहे.' झालं. आमदारांनी विधानसभेत पुलाचा विषय काढला, आणि पुढच्या वर्षी कठडा उभा राहिला. उद्घाटनाला आमदारांनी गर्दीत साडूंना शोधून काढलं, शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "काका, तुमच्यामुळे झालं हे." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात आमदार आहेत, साडू आहेत, कठडा आहे आणि उजव्या कडेला एक कोपर आहे. ते कोपर माझं. बायकोनं फोटो कापून ठेवला, तो कोपराच्या अलीकडूनच.

दर वर्षी हिवाळी अधिवेशन संपलं की आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात साडू आमदारांचं प्रगतिपुस्तक वाचतात. हॉल भरतो. पूर्वी आमदार आपल्या सहायकाला पाठवायचे, आता स्वतः येतात आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसतात. या सोहळ्यात माझ्याकडे दोन कामं असतात. एक, माईक बघणे. दोन, वाचनाच्या आधी साडूंच्या मजकुराचं शुद्धलेखन तपासणे. "भाषा तुमची, बाबा. त्यात मी तुमच्यापुढे काय?" असं म्हणून ते वही माझ्या स्वाधीन करतात. त्यांना वाटतं, त्यानं मला बरं वाटेल. मला खरंच बरं वाटतं, आणि आपल्याला एवढ्यानं बरं वाटलं याचा नंतर दिवसभर संताप येतो.

गेल्या खेपेला तीच वही तपासताना मला घबाड सापडलं. हिवाळी अधिवेशनातल्या एका गुरुवारची नोंद होती: 'दुपारी तीन. विधेयक संमत. साहेब: होय. स्वच्छ ऐकू आला.' मी ती तारीख दोनदा वाचली. त्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आमदार नागपुरात नव्हतेच. ते धायरीत होते, ज्येष्ठांना मोफत चष्मे वाटत होते. आणि हे मला पक्कं माहीत होतं, कारण मीही तिथे होतो. चष्म्याची मला गरज नव्हती. कोपराचा सूड म्हणून मी आमदारांना गाठून मोबाइलवर दोघांचा फोटो काढून घेतला होता. त्यात माझा अख्खा चेहरा होता आणि मागे तारीख-वेळेसकट भला मोठा फलक होता. फ्रेम करून एकदमच बायकोपुढे ठेवायचा, म्हणून मी त्याची वाच्यता कुठेच केली नव्हती. साडू तर अधिवेशनात घराबाहेर पडतच नाहीत. म्हणजे ज्या माणसाचा 'होय' साडूंना नागपूरहून स्वच्छ ऐकू आला, तो माणूस त्या वेळी त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, त्या नोंदीला हात लावला नाही आणि वही परत केली. भर सभेत उठायचं, "एक औचित्याचा मुद्दा आहे," असं म्हणायचं आणि फोटो काढायचा, असं मी ठरवलं. वाक्य आरशासमोर म्हणूनही पाहिलं.

सभेच्या दिवशी फोटोची छापून आणलेली प्रत खिशात घालून मी लवकर गेलो. हॉल भरला, आमदार आले, साडू खुर्चीवर वही उघडून बसले. मी माईक सुरू केला. माझं लक्ष खिशाकडे, त्यामुळे माईक नेमका स्पीकरपुढे धरला गेला आणि अशी काही शिट्टी वाजली की सगळ्या हॉलनं कानांवर हात ठेवले. आमदारांनी ठेवले, ताईंनी ठेवले, पाणी वाटणाऱ्या बाईंनी हातातला तांब्या खाली टाकला. एकटे साडू माईकपासून हातभर अंतरावर शांतपणे चष्मा पुसत होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. चष्मा डोळ्यांवर चढवल्यावर लोकांचे हात कानांवर दिसले, तेव्हा इकडेतिकडे बघून त्यांनीही घाईघाईनं आपले हात कानांवर ठेवले.

मला एकेक आठवायला लागलं. अलीकडे साडू फोन घेत नाहीत, ताईच घेतात. बोलताना ते आपल्या तोंडाकडे बघत राहतात, ते मला उर्मटपणाचं वाटायचं. मिक्सर चालू राहिला तर ओरडायचे ते आता ओरडत नाहीत. मला वाटलं होतं, माणूस निवळला.

साडू वाचायला लागले. गुरुवार आला. "साहेब: होय. स्वच्छ ऐकू आला," त्यांनी ठणकावून वाचलं. पहिल्या रांगेत आमदारांनी मान खाली घातली, मग हळूच वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांना मी आठवत होतो. चष्मे घेतलेले हॉलमध्ये बरेच होते, पण तारीख-वेळ कुणाच्याच लक्षात नव्हती; खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यांना गप्प राहण्यात हजेरीचा एक दिवस मिळत होता. मी का गप्प राहिलो ते मला नीट सांगता येणार नाही. माईक माझ्याच हातात होता. मी तो साडूंच्या तोंडाजवळ आणखी थोडा सरकवला.

पण मनाला स्वस्थता नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, ताई भाजी आणायला गेल्याचं बघून फोटो पुढे केला. साडूंनी भिंग काढलं, फलकावरची तारीख वाचली, वही उघडून पडताळली. भिंग खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मग तो 'होय' कुणाचा होता?"

मी फोटो परत खिशात घातला. ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, गलका ऐकू येतो, पण त्यातलं वेगळं काही निघत नाही. वाटलं, सवयीनं निघेल. ऐकू यायला पाहिजे असं वाटायचं आणि ऐकू यायचं." त्यांनी लाल पेन्सिलीनं नोंद खोडली आणि लिहिलं, 'गैरहजर.' पुढे म्हणाले, "येत्या रविवारी मंडळात दुरुस्ती वाचतो. माईक तेवढा बघा."

"अहो, सांगायची काय गरज आहे?" मी म्हणालो. हे मोठ्यानं, त्यांच्या कानाशी जाऊन म्हणावं लागलं. "कुणाला कळलेलं नाही."

"साहेबांची एक जांभई मी सोडत नाही," साडू म्हणाले, "मग स्वतःला कसा सोडू?"

रविवारी ते उभे राहिले आणि वाचलं, "दुरुस्ती. सदर गुरुवारी साहेब गैरहजर होते. ऐकू आलेला 'होय' साहेबांचा नव्हता, माझ्या कानाचा होता. गेल्या दोन वर्षांतले सगळे 'होय' संशयित समजावेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या! मी खरं बोललो असतो तर मला कुणी घरी चहा दिला नसता आणि हा माणूस चूक कबूल करून टाळ्या घेऊन गेला. माझा मत्सर होता तिथेच राहिला, वर थोडा वाढला. फोटो मी फ्रेम केला नाही. ते त्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी कधी कारण विचारलं नाही. तो खिशात घालून मी सभेला का आलो होतो, हेही विचारलं नाही.

अर्थसंकल्पी अधिवेशनापासून मी दुपारी त्यांच्याकडे बसतो. वहीत नवा रकाना आलाय: 'ऐकणार.' त्याखाली माझं नाव, रोज, त्यांच्या अक्षरात. अध्यक्ष आले की आता दोघं उभे राहतो. मिक्सर बंद करायला ताईंना मी सांगतो. मतदान पुकारलं की साडू पडद्याकडे बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. गलका होतो, विरतो. ते विचारतात, "आला?"

आला म्हणायला काय जातं? त्यांना तेवढंच हवं असतं, हे दिसतं. पण ज्यानं स्वतःला सोडलं नाही त्याच्यापुढे जीभ वळत नाही. मी मान हलवतो, "ओळखता नाही आला." मला सगळे 'होय' सारखेच ऐकू येतात. साडू तसं लिहून घेतात. सगळं पान त्या तीन शब्दांनी भरलंय.

परवा मी वैतागून म्हणालो, "माझ्यानं नाही होणार हे. कान लागतो त्याला." साडूंनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझी समजूत घातली, "अहो, कान तयार व्हायला वेळ लागतो. कवचातला तडा ओळखायला मला आठ वर्षं लागली होती. आपल्याला काय घाई आहे?"

साडू आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. मी मनातल्या मनात बेरीज केली, मग त्यांच्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं म्हणालो, "काही घाई नाही."